चढणीकडे पाठ

बाईने बोडा चालवू नये असा नियम आमच्या कितुमाच्या स्टँडवर कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर खोडता तरी आला असता.

लिहिलेला नियम एकच, चढणीचा. बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलीवर, ज्याला पोट भरायचं आहे त्याने खालच्या पुलापासून वरच्या चर्चच्या फाटकापर्यंत गाडी न्यायची. मागे स्टँडवाले देतील तो माणूस, त्याच्या मागे केळ्यांचा अख्खा घड. मध्ये थांबायचं नाही, पाय जमिनीला लावायचा नाही. पोचला तर नंबर घातलेलं निळं जॅकेट मिळतं. जॅकेट नसताना कुणी कितुमात गिऱ्हाईक बसवलं तर बाकीचे मिळून त्याची किल्ली काढून घेतात. संधी दोन. तिसरी मागायची पद्धत नाही.

हा नियम पुरुषांनाही होता म्हणे. स्टँडचा चेअरमन रुवाबोनी याचा मेहुणा मात्र चढण चढताना मला कधी दिसला नाही, आणि माझं शिलाई मशीन सतरा वर्षं चर्चच्या फाटकाजवळच्या ओसरीवर आहे. माझ्या नकळत त्या रस्त्याने कोंबडीसुद्धा वर जात नाही.

काबाहेंडा माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, म्हणजे सेहेचाळीसची. एकोणीस वर्षं तिने शाळेत चारशे पोरांसाठी मक्याच्या पिठाचा घट्ट पोशो घोटला. तिचे दंड पाहिले की ते सांगावं लागत नाही. मग शाळेने बाहेरचा ठेकेदार आणला आणि तिला घरी पाठवलं. त्याच सुमाराला तिचा भाऊ दुबईला चौकीदारीला गेला आणि आपली मोटरसायकल तिच्या अंगणात लावून गेला. जाताना म्हणाला, “पुढच्या पावसापर्यंत तू चालव, नाहीतर रुवाबोनीच्या भाच्याला देऊन टाक. उभी गाडी गंजते.” भाचा दुसऱ्याच दिवशी येऊन सीटवरची धूळ पुसून गेला. काबाहेंडाने त्याच्या देखत परत धूळ टाकली नाही, एवढंच.

ती माझ्या ओसरीवर आली आणि म्हणाली, “आब्वोली, एक पँट शिवून दे.”

“कुणाला?”

“मला.”

मी माप घेतलं. दुसरं काही विचारलं नाही. चार दिवसांनी ती घ्यायला आली तेव्हा तिने गुडघ्यांवर हात फिरवून पाहिला. आतून मी जुन्या घोंगडीचे तुकडे लावले होते.

“हे काय?”

“पडशीलच की.”

“तुला वाटतं मी पडेन?”

“पडशील. परत बसशील. म्हणून बसायच्या जागी दुहेरी टीप घातलीय.”

ती हसली नाही, पण पँट तिथेच, माझ्या पडद्यामागे घालून बाहेर पडली. स्टँडवरच्यांनी शिट्ट्या मारल्या. रुवाबोनी बाकावरून ओरडला, “ए स्वयंपाकीण, गिअर टाकायला पोशो घोटायचं लाकूड आणलंस का?” त्यावर सगळे खूप हसले. मी कात्री जरा जोरात ठेवली.

मी स्वतः शाळेत दोन इयत्ता बसले. वाचायला शिकले ते गिऱ्हाइकं कापड गुंडाळून आणत त्या वर्तमानपत्रांवरून, आणि शिवायला शिकले लोकांचे जुने कपडे उसवून. त्यामुळे शिकणाऱ्या माणसाला काय लागतं ते मला थोडंफार कळतं. ‘तुला नक्की जमेल’ असं कुणी म्हटलं की मला घाम फुटायचा. नाही जमलं तर त्या माणसाला तोंड कसं दाखवायचं? आमच्या आमूती आजीला हे न सांगता कळत असे. आजी पंच्याऐंशीच्या पुढची. तिचं घर चढणीच्या ऐन मध्यावर, वळणापाशी. काबाहेंडा सरावाला निघाली की आजी दारातून विचारी, “आज कुठपर्यंत?”

“आंब्याच्या झाडापर्यंत, आमूती.”

“बरं.”

दुसऱ्या दिवशी परत, “आज कुठपर्यंत?”

“आंब्यापर्यंतच.”

“आंबा काही वाईट नाही,” आजी म्हणे आणि आत जाई.

आमच्या तोरो मुलखात काम करणाऱ्या माणसाच्या बाजूने मुकाट्याने जात नाहीत. कुणी खणत असेल तर खणल्याबद्दल त्याचे आभार मानायचे, धुणं धूत असेल तर धुतल्याबद्दल. आणि आभार मानताना माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची नाही. प्रत्येकाला एक एम्पाको असतं, मानाचं आणि मायेचं नाव. अशी नावं सगळी मिळून डझनभरच, ती आम्ही आपसांत वाटून घेतो. काबाहेंडा आद्येरी, मी आब्वोली, आजी आमूती. पहिल्या आठवड्यात काबाहेंडा गाडीसकट गटारात पडली. केंगोन्झी डोक्यावर पिकल्या केळ्यांची टोपली घेऊन चालली होती, ती थांबली आणि म्हणाली, “चालवल्याबद्दल आभार, आद्येरी.” गटारातून उत्तर आलं, “विकल्याबद्दल आभार, आकीकी. घरचे बरे आहेत?” घरच्यांची सगळी चौकशी होईपर्यंत केंगोन्झीने टोपली उतरवली नाही आणि काबाहेंडाने अंगावरची गाडी. मग दोघींनी मिळून ती वर काढली.

रुवाबोनीने मात्र काबाहेंडाला कधी आद्येरी म्हटलं नाही. राग आला की आमच्यात एम्पाको गळून पडतं, ते समजण्यासारखं आहे. पण बारा वर्षं शेजारी राहून एकदाही तोंडातून निघू न देणं याला रागापेक्षा जास्त मेहनत लागते.

पहिल्या परीक्षेचा दिवस शनिवारचा ठरला. स्टँडने मागे बसायला बिगीरवा खाटकाला दिलं. बिगीरवा बसला की बाकाची दुसरी बाजू उचलते. तो गाडीजवळ आला आणि म्हणाला, “मी मांस विकतो, बाजू घेत नाही. आधीच सांगून ठेवतो.”

“मी पण मांस वाहून नेतेय,” ती म्हणाली. “बसा.”

आम्ही बायकांनी आदल्या दिवशीच ठरवलं होतं की तिला एकटं जाऊ द्यायचं नाही. पुलापासून चर्चपर्यंत प्रत्येकीने आपापल्या दारात उभं राहायचं. चढण लांब आहे, लाल मातीची, आणि वळणावर खडी सुटलेली. तिथे माणसाला आपली माणसं दिसायला हवीत, असं मीच म्हणाले होते. हे मी मुद्दाम सांगते आहे. नंतर कुणी केंगोन्झीला बोल लावले, ते खरं नव्हतं.

गाडी निघाली. पहिल्या दारातून हाक आली, “आद्येरी, सकाळ कशी?” काबाहेंडाने मान हलवली. दुसऱ्या दारातून, “आद्येरी, चालवल्याबद्दल आभार.” तिने मान हलवली, पण चेहरा पडला. कुणी मानाने हाक मारावी आणि आपण नुसती मान हलवून पुढे जावं हे आमच्याकडे पोरंही करत नाहीत. करतात त्यांना घरी जेवायला उशिरा मिळतं. हाकेला हाक द्यायची, समोरच्याचं एम्पाको घ्यायचं, घरच्यांचं विचारायचं, आणि हे सगळं थांबून. तिसऱ्या दारात केंगोन्झी. काबाहेंडाने तोंडातल्या तोंडात ‘आकीकी’ म्हटलं असावं, कारण गाडी डगमगली. आणि वळणावर आमूती आजी काठी टेकत थेट रस्त्याच्या कडेला आली होती, एक हात पुढे धरून.

“आद्येरी, माझ्या पोरी,” आजी म्हणाली.

काबाहेंडाने ब्रेक लावला. पाय टेकला. आजीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “आमूती, रात्री झोप लागली?”

त्यानंतर गाडी मागे घसरली, ते सगळ्यांनी पाहिलं. बिगीरवाने वजनाच्या मानाने फार चपळ उडी मारली. केळ्यांचा घड सुटून उतारावरून पुलापर्यंत गेला. स्टँडवरचे हसत होते, गुडघ्यांवर हात मारून. रुवाबोनी हसला नाही. त्याने वहीवर रेघ मारावी तशी हवेत बोटाने रेघ मारली आणि म्हणाला, “एक.”

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. ती अंगणात कच्ची केळी सोलत बसली होती. चीक लागू नये म्हणून हाताला तेल लावायचं विसरली होती आणि बोटं काळी झाली होती.

“आम्हीच पाडलं तुला,” मी म्हणाले.

“हो.”

“आद्येरी...”

“ते नाव आज नको,” ती म्हणाली. “त्या नावाने मी वर्षभर या चढणीवर उभी राहीन, पण चढणार नाही. पुढच्या शनिवारी मला कुणीही हाक मारायची नाही. तू नाही, आजी नाही. मला दारात कुणी दिसलं नाही तरी चालेल.”

“घरात बसून राहू? तुला ओसाड रस्ता चालेल?”

तिने सुरी थांबवली. “नाही चालणार,” ती म्हणाली. “पण बोललात तर मी थांबणार. माझा पायच थांबतो, आब्वोली. डोकं विचारत नाही.” मग म्हणाली, “भाचा आला होता. टायरमधली हवा दाबून बघून गेला.”

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही आमूती आजीच्या अंगणात जमलो. मी निरोप सांगितला. मग केंगोन्झी म्हणाली, “म्हणजे आपण मुक्याने उभं राहायचं आणि ती समोरून जाणार?”

“हो.”

“तोंडासमोरून माणूस गेलं आणि बोललो नाही तर ते भांडण झालं. लोक म्हणतील कितुमाच्या बायकांनी तिला टाकली.”

“म्हणू दे,” मी म्हणाले.

“तुझ्या ‘म्हणू दे’ने तिला काय वाटेल? ती पण तोरोचीच आहे. समोर चेहरा दिसला आणि त्या चेहऱ्यातून हाक आली नाही तर तिचं मन उलटं फिरेल. मग गाडी काय सरळ जाणार?”

हे खरं होतं. केंगोन्झी टोपलीवालीचं डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं चालतं, पण ते मी तिला सांगत नाही, कारण ती आधीच केळी महाग विकते.

आमूती आजी एवढा वेळ काठीच्या टोकाने मातीत रेघा काढत होती. ती म्हणाली, “बोलायचं कधी लागतं? माणूस दिसलं तर. दिसलंच नाही तर बोलायचं कशाला?”

“आजी, बोडा एवढा आवाज करत येणार आणि दिसणार कसा नाही?”

“मला पाठीला डोळे नाहीत,” आजी म्हणाली. “तुला आहेत?”

पाठ दाखवणं ही आमच्याकडे शेवटची गोष्ट. दोन घरांत जमिनीवरून वैर होतं तेव्हा बायका एकमेकींना पाठ दाखवतात, आणि ते तीन पिढ्या लक्षात राहतं. त्या अंगणात बसलेल्या एकीनेही आयुष्यात कुणाला ती दाखवली नव्हती. एकजण रडायलाच लागली. आजीने तिला काठीने हळूच ढोसलं. “रडायचंय तर शनिवारी भिंतीकडे तोंड करून रड. कुणाला दिसणार नाही.”

काबाहेंडाला सांगायचं की नाही यावर परत वाद झाला. मी म्हटलं, सांगायचं. आपल्या चांगुलपणाने एकदा तिची चाकं मागे आली आहेत, आता तिला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. मी जाऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “आमूतीसुद्धा?”

“तिचीच कल्पना.”

“त्या वयाच्या बाईने माझ्यासाठी पाठ करायची,” काबाहेंडा म्हणाली. त्या आठवड्यात ती दिवसाला अकरा वेळा चढण चढली, आणि मागे दगड भरलेलं पोतं बांधलेलं असे.

शनिवारी सकाळी आम्ही बाहेर पडलो. पुलापासून चर्चपर्यंत प्रत्येक दारासमोर एक बाई, घराकडे तोंड, रस्त्याकडे पाठ. सगळ्यांनी चर्चचे कपडे घातले होते. हे ठरलेलं नव्हतं, पण पाठच दिसणार तर ती तरी चांगली दिसावी असं प्रत्येकीला वाटलं असणार. स्टँडवरच्यांना आधी काही कळलं नाही. मग एकजण म्हणाला, “बघा बघा, बायकांनीच सोडली तिला.” त्यावर हसू आलं, पण गेल्या वेळेइतकं नाही. तोरोचा माणूस एवढ्या पाठी एकदम पाहून फार मोकळेपणाने हसू शकत नाही. रुवाबोनी चर्चच्या फाटकाशी, माझ्या ओसरीपासून वीस पावलांवर, येऊन उभा राहिला.

मीही पाठ केली. म्हणून पुढचं मला दिसलं नाही, ऐकू आलं. माझ्यासमोर माझी भिंत होती, भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर आणि एक पाल. मी पालीकडे पाहत राहिले. खाली पुलावर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पहिला गिअर. दुसरा. मग तोच आवाज, जड, हळूहळू मोठा होत येणारा. रस्त्यावर एकही हाक नाही. कितुमात एवढी शांतता मी फक्त मयताला ऐकली आहे. वळणावर चाकाखालची खडी उडाली आणि इंजिन घुसमटलं. मी मशीनची कड दोन्ही हातांनी धरली. “डावीकडे, डावीकडे झुकतोय मी, तू बघ पुढे,” हा बिगीरवाचा आवाज होता. बाजू न घेणारा माणूस एवढ्या जोरात डावीकडे झुकल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. खडी परत उडाली, आणि इंजिनाने श्वास घेतला.

आवाज आंब्याच्या पुढे आला. मला पाठीवर त्याची धग जाणवायला लागली. आणि तेव्हाच फाटकापाशी रुवाबोनी घसा खाकरून, चर्चमध्ये वाचतात तसा, सावकाश आणि गोड आवाजात म्हणाला,

“आद्येरी. सकाळ कशी, आद्येरी? घरचे कसे आहेत?”

बारा वर्षं जपून ठेवलेला शब्द त्याने त्या वीस पावलांवर खर्च केला. वडीलधारा माणूस, मानाने मारलेली हाक, आणि समोर तोरोची बाई. तिचा पाय थांबतो हे त्यानेही गेल्या शनिवारी पाहिलं होतं.

मी वळले. आमचं ठरलं होतं ते मी मोडलं, हेही सांगून टाकते. काबाहेंडा फाटकापासून दोन गाड्यांच्या अंतरावर होती. तिचा चेहरा मी पाहिला. ओठ हलले होते. उजवा पाय ब्रेकवरून उचलून तिने गुडघा टाकीला असा दाबून धरला होता, जसं बाळंतीण खाटेची कड धरते. गाडी थांबली नाही. रुवाबोनीच्या समोरून, त्याच्या हाकेसमोरून, ती तशीच गेली. केळ्यांचा घड माझ्या डोळ्यांदेखत फाटक ओलांडून चर्चच्या गवतावर गेला.

स्टँडवरचे धावत फाटकाशी आले. पाय टेकला का, टेकला का, असं एकमेकांना विचारत होते. कुणालाच टेकलेला दिसला नव्हता.

“पाय राहू दे,” रुवाबोनी म्हणाला. त्याचा गोड आवाज गेला होता. “वडीलधाऱ्याने हाक मारली आणि ही तोंड न वळवता गेली. असली बाई गिऱ्हाइकाशी काय बोलणार? आमच्या स्टँडला अब्रू आहे.”

काही माना हलल्या. हे म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर तो ते म्हणत होता. मी ओसरीवरून उतरले आणि काही बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात काबाहेंडाने गवतावर गाडी वळवली. बिगीरवा मागे तसाच बसलेला. ती फाटकातून परत बाहेर आली, रुवाबोनीच्या समोर आली, आणि इंजिन बंद केलं. एवढ्या वेळात पहिल्यांदा तिने पाय जमिनीला लावला.

“आराली,” ती म्हणाली. रुवाबोनीचं ते एम्पाको. “सकाळ चांगली आहे. घरचे बरे आहेत. तुमची सकाळ कशी?”

त्याने फाटकाकडे पाहिलं.

“तुमच्या घरचे कसे आहेत, आराली? मुलं? भाचा बरा आहे?”

कुणीतरी खुदकन हसलं. आमच्यात गुडघे टेकून वडीलधाऱ्याशी बोलतात बायका. काबाहेंडाने टेकले नाहीत. ती गाडीवरून उतरलीच नाही. पाच-पन्नास माणसं ऐकत होती, आणि मानाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देण्याची अडचण आता त्याच्याकडे होती.

“बरे आहेत,” रुवाबोनी म्हणाला.

“कुणाचे बरे आहेत?” मी ओसरीच्या पायरीखालून विचारलं. “आम्हाला ऐकू आलं नाही.”

त्याने माझ्याकडे ‘बघून घेतो’ अशा नजरेने पाहिलं. मग तिच्याकडे वळून म्हणाला, “घरचे बरे आहेत, आद्येरी.”

“देवाची कृपा,” काबाहेंडा म्हणाली. “उत्तर द्यायला उशीर झाला. चढण चर्चपर्यंत होती. चर्च आलं, मग वळले. जॅकेट?”

जॅकेट कुणी आणलंच नव्हतं. ते स्टँडच्या पेटीत होतं आणि पेटीची किल्ली घरी. कुणी ते लागेल असं धरलंच नव्हतं. हे कळल्यावर स्टँडचे दोघं-तिघं आपसांत पाहू लागले, आणि त्यातल्या एकाने, ज्याने तिला पोशोच्या लाकडावरून सगळ्यात जास्त चिडवलं होतं, आपल्या अंगातलं काढून तिच्या हँडलवर टाकलं. “सोमवारी परत दे, आद्येरी. माझा नंबर आहे त्यावर.” ते तिला दंडांत घट्ट झालं. मी म्हटलं, शिवण उसवून देते. ती म्हणाली, नंतर.

“मला खाली बाजारात सोड,” बिगीरवा मागून म्हणाला. “दुकान उघडायचं आहे. मांस माझी वाट बघत नाही.”

ती निघाली. खाली उतारावर आमच्या बायका अजून तशाच उभ्या होत्या. काय झालं ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चर्चचे कपडे, ताठ माना, घराकडे तोंडं. काबाहेंडाने पहिल्या दाराशी गाडी थांबवली आणि स्वतः हाक मारली. ती बाई वळली. मग पुढचं दार. मग वळणावर आमूती आजी, तिच्यापाशी बराच वेळ. मी वरून पाहत होते. इंजिन बंद व्हायचं, एक पाठ वळायची, परत इंजिन सुरू.

केंगोन्झीच्या दारापाशी काय बोलणं झालं ते तिने मला नंतर सांगितलं. बिगीरवा म्हणे वैतागून म्हणाला, “प्रत्येक दारात अशी थांबत राहिलीस तर मी चालत लवकर पोचेन.”

“मग उतरा,” काबाहेंडा म्हणाली, आणि केंगोन्झीला घरच्यांचं विचारू लागली.

तो उतरला नाही.